दिगंबरला कुणी काम सांगितलंच नाही

फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्याशी भांडत होते. नांदेडला आमचं औषधाचं दुकान आहे. नवरा आणि मी आळीपाळीनं बसतो, आणि माझ्या बारीला गिऱ्हाइकं जरा जपूनच बोलतात. तो म्हातारा बीपीची गोळी एक दिवसाआड घेत होता. "मामा, गोळी म्हणजे काय लोणचं हाय का, पुरवून पुरवून खायला?" असं मी त्याला झापतेय तोवर मोबाईल वाजला. सुनीताचा. सुनीता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची बायको. ते लातूरला राहायचे, दिगंबर तिथं निवासी शाळेत मास्तर. उचलला तर ती नुसती "आक्का... आक्का..." म्हणत राहिली. मग कुणीतरी दुसऱ्यानंच फोन घेतला आणि सांगितलं की सरांना सकाळी वसतिगृहाच्या जिन्यात झटका आला, दवाखान्यात नेलं पण उपयोग झाला नाही. नवी पोरं दाखल व्हायचे दिवस होते. कुणाची तरी पेटी वर चढवू लागत होता म्हणे. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला, म्हाताऱ्याला गोळ्या बांधून दिल्या, कशा घ्यायच्या ते परत एकदा सांगितलं, आणि मग तेच परत पहिल्यापासून सांगायला लागले. त्या म्हाताऱ्यानंच मला स्टुलावर बसवलं आणि आतून नवऱ्याला बोलावलं.

आता काही आठवडे झाले. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार शब्द चांगले लिहावेत म्हणतात. दिगंबरबद्दल वाईट लिहायला काही नाहीच, तो सवालच नाही. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्या मायबद्दल लिहावं लागतं, वडलांबद्दल, अप्पांबद्दल लिहावं लागतं, आमच्या गावाबद्दलही, आणि तिथं माझी जीभ गोड राहत नाही. हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी तोंड वाकडं करू नये.

आमचं गाव नायगाव तालुक्यातलं. घरची शेती, दावणीला दोन म्हशी, आणि रिकामा हात दिसला की त्यात काहीतरी काम ठेवणारी माय. आमच्या घरात पोर चालायला लागलं की त्याला काम लागायचं. माझ्याकडं सडा आणि भांडी. दिगंबरकडं म्हशींना संध्याकाळी ओढ्यावर पाणी दाखवून आणायचं. हा बाबा ओढ्यात खेकडे धरत बसायचा आणि रोज उशीर करायचा. मग माय दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावायची, "दिग्याऽऽ, आरं टोणग्या, कुठं उलथलास? तू म्हशींला घिऊन येतुस का म्हशी तुला?" आणि हा लांबून "आलो की माय!" करत, चपला हातात घेऊन, चिखलानं भरलेला पळत यायचा. पाठीत एक धपाटा बसायचा, मग त्याच हातानं भाकरी वाढली जायची. शिव्या खाताना तो हसत असायचा. मला ते कळायचं नाही, राग यायचा. मला शिव्या पडल्या की मी दोन दिवस तोंड फुगवून बसायची.

तो चौथी पास झाला आणि गुरुजींनी अप्पांच्या डोक्यात भरवलं की पोरगं हुशार आहे, इथं राहिलं तर म्हशीमागंच जाईल, लातूरकडं निवासी शाळा आहे तिथं टाका, सोनं होईल. आमच्याकडं पोराला हॉस्टेलला टाकतात, हाच शब्द. अप्पा वडील म्हणून वाईट नव्हते, पण गुरुजी म्हणजे त्यांना देव. त्यांनी मायला विचारलं नाही, सांगितलं. दिगंबरला तर सांगितलंही नाही. त्याला कळलं ते पेटीवर त्याचं नाव रंगवून आलं तेव्हा. त्यानं पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला विचारलं, "आक्का, ही पेटी लग्नातली हाय का?" मी म्हटलं, "व्हय, तुझ्याच लग्नातली." तो हसला. मग बराच वेळ हसला नाही.

निघायच्या दिवशी जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. आमच्याकडं कुणी मोठा माणूस आला, व्याही आले, सत्कार करायचा झाला की टॉवेल-टोपी देतात. गावातलं पहिलं पोरगं बाहेर शिकायला चाललंय म्हणून गल्लीनं त्या दहा वर्षांच्या पोराला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि डोक्यावर टोपी घातली. टोपी भुवयांपर्यंत आली. खांद्यावर टॉवेल, एकावर एक. म्हातारी माणसं त्याच्या पाया पडल्यासारखं करून थट्टा करायला लागली, "या बरं का साहेब, येत जावा, गरिबाला इसरू नका." सगळे हसत होते. तोही हसायचा प्रयत्न करत होता. माझ्या मनात आज येतं, घरच्या पोराला कुणी टॉवेल-टोपी देतं का हो? ती तर पाहुण्याला देतात. पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांना कौतुकच वाटत होतं.

शाळेनं निरोप धाडला होता, बायकांना आणू नका, रडारड होते. मायनं त्याच्या हातावर दही घातलं आणि ती आत गेली ती गेलीच. बाहेर आलीच नाही. अप्पा, मी आणि तो, असे आम्ही एसटीनं नांदेडला आणि तिथून लातूरच्या गाडीत बसलो. लोहा मागं पडलं. मग हळूच म्हणाला, "आक्का, माय भाईर कामून आली न्हाई गं?" मी म्हटलं, तिच्या हाताला पीठ होतं. खरं म्हणजे माय चुलीपुढं पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती, मी पाहिलं होतं. पण हे त्याला सांगायचं नाही, असं अप्पांनी बजावलं होतं. रडणं दिसलं की पोरगं कच्चं पडतं, म्हणे. म्हणजे ते लेकरू आयुष्यभर हेच धरून बसलं की आपण निघालो तेव्हा आपली माय पीठ मळत होती.

शाळेत लोखंडी कॉट होते, एकावर एक. एका सरांनी त्याची पेटी खालच्या कॉटखाली सरकवली आणि अप्पांना म्हणाले, "आता निघा. मागं वळून बघू नका, पोराचा जीव गुंततो." अप्पांनी ऐकलं. फाटकापर्यंत मान ताठ ठेवून गेले. मला कुणी काही म्हटलं नव्हतं, मी बघितलं. त्याच्या डोक्यावर ती टोपी अजून तशीच होती आणि वरच्या कॉटवरची पोरं त्याला बघून खिदळत होती. त्यानं टोपी काढली. कुठं ठेवावी ते त्याला कळेना. मग शर्टाच्या आत, पोटाशी कोंबली. परतीला अहमदपूरच्या स्टँडवर अप्पांनी मला भजी घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाहीत. "सोनं होईल बघ," असं एकदा म्हणाले.

लोकांना वाटतं घर सोडणं म्हणजे तो दिवस. गाडी, पेटी, फाटक. मलाही तसंच वाटायचं. पण दिगंबरचं घर सुटलं ते त्या दिवशी नाही... ते सुटलं दिवाळीत, तो परत आला तेव्हा.

पहिल्या दिवाळीला अप्पा त्याला घेऊन आले. वाळला होता. बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली होती, हात सुजले होते. मायनं ते हात हातात घेतले आणि तिचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली. त्याच घटकेला तिनं काहीतरी मनात ठरवलं असणार. त्यानंतर तिनं त्याला दिग्या म्हटलं नाही. दिगंबर म्हणायला लागली. कपाटातली चांगली चादर काढून कॉटवर टाकली, जी फक्त मामा आले की निघायची. त्याच्या ताटाभोवती रांगोळी घातली. मी मधेच त्याच्या ताटातली करंजी उचलली तर माझ्या हातावर चापट बसली, "लेकरू चार दिवस आलंय, तुझी सदाचीच हाय." तो ताटासमोर मांडी घालून बसला होता, आणि कुणी 'घे' म्हणेपर्यंत त्यानं घास उचलला नाही.

संध्याकाळी तो उठला आणि दावणीकडं गेला. म्हशींचं काम आता माझ्याकडं आलं होतं आणि मला त्याचा पक्का वीट आला होता. म्हणाला, "आक्का, आज मी नेतो." मी म्हटलं, ने बाबा, सुटले. त्यानं दावं सोडलं. म्हशीनं त्याचा हात हुंगला, तो तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. तेवढ्यात माय आली. तिनं त्याच्या हातातून दावं काढून घेतलं, हळूच, मायेनं, आणि म्हणाली, "राहू दे बाळा. तू चार दिवसाचा पाव्हणा. तू बस." आणि वळून माझ्या गालात एक सणसणीत ठेवून दिली, "लाज न्हाई वाटत गं भवाने? त्या हातानं त्याला म्हशीमागं धाडायलीस?" मी भोकाड पसरलं. दिगंबर माझ्याकडं टक लावून बघत होता. मला वाटलं त्याला माझी कीव येतेय. पुढं पुष्कळ वर्षांनी त्यानं सांगितलं, "कीव न्हाई गं आक्का. मला वाटलं, हिला मारलं, मला कामून न्हाई मारलं?"

मग दर सुट्टीत तेच. चादर, रांगोळी, "तू बस." जाताना नवा शर्ट, टॉवेल, कपाळाला कुंकू. आमच्याकडं पाहुण्याला कपडे केल्याशिवाय वाटंला लावत नाहीत, तसं. मायच्या हातानं कधी काही कमी पडलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती त्याच्यासाठी तूप साठवायची, आम्हाला ताकावर ठेवून. आणि तो हळूहळू खरंच पाहुणा झाला. त्याचे कपडे पिशवीतच असायचे, खुंटीला लागायचे नाहीत. सातवी-आठवीत असेल, जेवताना म्हणाला, "अजून एक भाकरी मिळेल का?" आपल्या मायला! मिळेल का! माय इतकी हरखली, शेजारणीला सांगून आली की शाळेनं कशी शिस्त लावलीय, कसं गोड बोलतंय लेकरू. माझ्या अंगावर काटा आला होता. मी तेव्हा पोरगीच, मला त्याचं कारण सांगता आलं नसतं, पण ताटातली भाकरी तशीच टाकून उठले एवढं आठवतं.

पुढं तो लातूरलाच शिकला. कॉलेज, बी.एड., आणि नोकरी कुठं, तर परत एका निवासी शाळेत. शिकवायचा, आणि पोरांच्या वसतिगृहाचा रेक्टरही तोच. राहायला आवारातच दोन खोल्या. मुरुडच्या सुनीताशी लग्न झालं, एक मुलगी झाली. अप्पांनी समाधानानं डोळे मिटले, पोराचं सोनं झालं म्हणून. सुनीता मला कधीकधी फोनवर हसत सांगायची, "आक्का, ह्यान्ला घरात काही मागताच येत न्हाई. तहान लागली तरी बसून राहतेत. मी पाणी पुढं केलं की म्हणतेत, त्रास दिला." हसत सांगायची, पण तिच्या हसण्याचं शेवट शेवट काही खरं नसायचं. एकदा म्हणाली, "मला वाटतं, उद्या सकाळी हे पिशवी घेतील अन् येतो म्हणतील." मी म्हटलं, जाणार कुठं गं तो, त्याला दुसरं घर कुठं आहे? आणि बोलून गेल्यावर घाईनं पोरीचा अभ्यास विचारला.

एकदा जूनमध्ये मी लातूरला गेले होते, नात्यातलं एक लग्न उरकून त्याच्याकडं मुक्कामाला. नव्या पोरांचा दाखल व्हायचा दिवस होता. मी जिन्याजवळ खुर्ची टाकून बघत बसले. काय तो गोंधळ! बादल्या, गाद्या, लाडवांचे डबे, बाप लोक मिशीला ताव देत उभे आणि बायका कोपऱ्यात तोंड फिरवून नाक पुसताहेत. आणि माझा भाऊ, एरवी दहा शब्दांत दिवस काढणारा माणूस, एकेका बाईपाशी जाऊन सांगत होता, "माय, रडायचं असंल तर लेकरापुढं रडा. तोंड लपवू नका. तुमी लपून रडलात की त्याला वाटतं तुमाला काईच वाटलं न्हाई." बाप लोकांना म्हणत होता, "वळून बघा. धा बार बघा." आणि शेवटी प्रत्येकीला एकच सांगणं, "दिवाळीला आला की पाव्हणा करू नका त्याला. आल्या आल्या काम सांगा. पाणी आणाय लावा, दळण आणाय लावा. चुकला तर शिव्या द्या. न्हाईतर तो परत येतच न्हाई बघा." बाया होला हो करत होत्या. एकदोघी तोंडाला पदर लावून हसल्याही. येडंच दिसतंय मास्तर.

सगळे गेल्यावर तो माझ्याजवळ पायरीवर बसला. आत कुठंतरी एक पोरगं हुंदके देत होतं, त्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं रं तुला?" तेव्हा त्यानं मला त्या दिवाळीचं सांगितलं. दाव्याचं. म्हणाला, "हॉस्टेलात मी रोज म्हशी मोजायचो आक्का. म्हणायचो, आता दिवाळी येईल, आता मी जाईन, म्हशी सोडीन, उशीर करीन, माय वरडंल. त्याच्यावर मी ते चार महिने काढले. अन् मायनं दावं काढून घेतलं... त्या दिवशी मला कळलं, माझी जागा भरली. घर माझ्याबिगर चालाय लागलं." मी म्हटलं, "मग आतातरी सांग की तिला. तोंड हाय का न्हाई तुला?" तो मान हलवत राहिला. "नको. तिनं तूप साठवलं, चादर काढली, ती सगळी तिची माया हाय. तिला जर कळलं की त्यानंच मी तुटलो, तर तिच्यापाशी काय राहील? तू बी सांगू नको. माझ्या गळ्याची आण हाय तुला." मी त्याला दोन शिव्या हासडल्या. तो लगेच हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा, आणि म्हणाला, "दे, अजून दे."

शेवटची भेट याच उन्हाळ्यातली. आम्ही दोघंही गावी गेलो होतो. माय आता थकली आहे, गुडघे गेलेत, घरचं बघायला एक बाई ठेवलीय, पण लोणचं अजून स्वतःच्याच हातचं लागतं. कैऱ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन ती बसली होती. दिगंबर तिच्यासमोर पाटावर बसला आणि त्यानं विळी पुढं ओढली. पंचेचाळिशीचा बाप्या, चष्मा लावलेला, डोक्यावर निम्मे केस पांढरे. एक कैरी चिरली. दुसरी घेतली. मी मनात म्हटलं, माय, आता गप्प बस, देवा हिचं तोंड बंद कर... पण ती पुढं वाकली, विळी आपल्याकडं ओढली आणि म्हणाली, "राहू दे बाळा, हात कापंल. तू बस." तो "बरं माय" म्हणाला. विळीवरून हात काढला, रुमालाला पुसला आणि उठून कॉटवर जाऊन बसला, कडेला, पाव्हणे बसतात तसा. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं त्याला कुंकू लावलं, शर्टपीस दिलं. स्टँडवर गाडीची वाट बघताना मला म्हणाला, "आक्का, एकदा तरी..." आणि गाडी आली. त्याचं ते वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा पुरं केलं असेल.

त्याला गावी आणलं. सुनीता लातूरलाच करू म्हणत होती, मायनं ऐकलं नाही. ओसरीवर ठेवलं, आणि आमच्या रिवाजाप्रमाणं ज्यानं त्यानं येऊन त्याच्यावर वस्त्र घातलं. टॉवेल. एकावर एक. मी ओरडले, "बस करा रे, किती टॉवेल घालता त्याला!" बायकांनी मला धरलं, आक्काला सोसवेना म्हणाल्या. सोसवत नव्हतंच, पण त्यांना वाटत होतं त्या कारणानं नाही. माय मात्र त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस न काढता बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "काही कमी पडू दिलं न्हाई म्या त्याला. तळहाताच्या फोडासारखं जपलं. कामाला हात लावू दिला न्हाई." मी ते ऐकायची आणि दाताखाली ओठ धरायची. आण होती. आणि आण नसती तरी त्या घडीला ते मायला सांगायला मी काही राक्षसीण नाही. मी ठरवलं होतं की हे माझ्याबरोबरच जाईल. मायचं आता राहिलंय किती, तिला तेवढं समाधान पुरू दे.

तेरवी झाली, लोक पांगले, आणि दोन दिवसांनी रेणापूरकडची एक बाई आली. पन्नाशीची, अंगावर साधं लुगडं, बरोबर केळ्यांचा घड. तिचा मुलगा दिगंबरच्या वसतिगृहात शिकला होता, आता नोकरीला लागला होता. ती एवढ्या लांबून, गाड्या बदलत, पत्ता विचारत आली होती, फक्त सरांच्या मायला भेटायला. मायच्या पायावर डोकं ठेवून रडली. मी चहा टाकायला आत गेले आणि चूक तिथंच झाली, मी तिथून हलायलाच नको होतं. मला आतून ऐकू आलं, ती भरभरून सांगत होती, "लई मोठं मन होतं वो सरांचं. माझ्या लेकराला टाकाय गेले तवा मला म्हणाले, सुट्टीत आला की काम सांगा, शिव्या द्या, पाव्हणा करू नका. मी म्हणले, कामून वो सर? तर म्हणले, मला घरी कुणी कामच सांगितलं न्हाई माय, म्हणून मी परत घरी गेलोच न्हाई. त्यांच्यामुळं माझं लेकरू माझं राहिलं..." मी पातेलं तसंच सोडून धावले. तोवर सगळं बोलून झालं होतं. बाई डोळे पुसत होती. तिला वाटत होतं, तिनं त्या माउलीला तिच्या लेकाचा मोठेपणा सांगितला. तिला काय दोष द्यायचा? ती बिचारी सुख द्यायलाच आली होती.

बाईला मायनं स्वतः कुंकू लावून वाटंला लावलं. ती गेल्यावर मला म्हणाली, "तुला ठाऊक होतं?" मी खाली बघितलं. ती म्हणाली, "कवाधरनं?" मी म्हटलं, लई दिवसांपासून. मग तिनं विचारलं, "म्हंजे त्या दाव्याच्या दिवाळीपासूनच तो तुटला व्हय गं?" मला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ, तोंडात तयार होतं. पण ती माझ्याकडं अशी बघत होती की मी "व्हय माय" म्हणून गेले. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अन्नाला शिवली नाही. मी तिला समजावलं, खूप समजावलं, म्हटलं, त्याला तुझी माया कळत होती, त्यानंच मला सांगितलंय. ती फक्त एवढं म्हणाली, "कळून काय करायचं होतं त्यानं..."

गेल्या आठवड्यात कामाच्या बाईचा फोन आला, आक्का, माय येड्यावानी करायलेत, येऊन बघा. गल्लीत बोभाटा झाला आहे की म्हातारी भ्रमिष्ट झाली. मी दुकान नवऱ्यावर टाकून गेले. माय ओसरीवर बसली होती, केस नीट विंचरलेले, लुगडं स्वच्छ. मला बघून म्हणाली, "आलीस? हात-पाय धू." सगळं ठाकठीक. मी म्हटलं, चला, लोकांना काय, बोलायला विषय लागतो. आणि मग तिनं, मान न वळवता, अगदी रोजच्या आवाजात, आतल्या खोलीकडं बघून म्हटलं, "दिग्या, त्या दाराला कडी लाव रं, कुत्रं शिरंल." मी तिच्यासमोर बसले, तिचे दोन्ही हात धरले. "माय, दिगंबर कुठं हाय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी बावळटासारखं विचारलंय. "गेला की. मला काय ठाऊक न्हाई का? खुळी न्हाई मी. जिता होता तवा सांगाय पायजे होतं, तवा सांगितलं न्हाई. आता सांगायली." आणि हात सोडवून घेतले.

दिवसभर हेच. दिग्या, दळण टाकून ये. दिग्या, तुळशीला पाणी घाल. आळशा, एक काम वेळेवर करशील तर शपथ. सांगते, थोडं थांबते, कान देते. मग आपल्याच कामाला लागते. लोक म्हणतात नांदेडला डॉक्टरला दाखव. दाखवू काय? औषध विकणारी मीच आहे, ह्याच्यावर कुठली गोळी चालते ते मला कुणी सांगावं.

दुपारी लाईट आली. आमच्याकडं लाईट आली की आधी मोटार लावून टाकी भरून घ्यावी लागते, परत कधी जाईल नेम नसतो. मायनं आवाज दिला, "दिग्या, लाईट आली, मोटार लाव." ती थांबली. मी पण थांबले. आत काहीच हललं नाही. मला ते सहन होईना, मी पदर खोचून उठले आणि बटनाकडं निघाले. मायनं माझा हात धरला, मायेनं, आणि मला परत खाली बसवलं.

"तू बस गं. तू दोन दिवसाची पाव्हणी. त्याला लावू दे."

मी बसले. मोटार कुणीच लावली नाही. थोड्या वेळानं लाईट गेली.